तुम्ही कोण, असं विचारताना

गेल्या अंकात वंश, वांशिकता (म्हणजे भाषा, सोयरीक, देवधर्म यांतून बनलेलं आपलेपण) आणि राष्ट्रीय अस्मिता यांवरच्या संशोधनाबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. तिसऱ्या पत्रातला प्रश्न मला स्वतःला चाळीस वर्षं छळतो आहे, त्यामुळे तिथे हात आखडता घेतलेला नाही.

प्रश्न : बाई, मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. जीवशास्त्र शिकणारी माझी मैत्रीण म्हणते, दोन माणसांच्या जनुकांतला फरक जेमतेम ०.१ टक्का असतो, वंश असं काही नसतंच, मग तुम्ही लोक नसलेल्या गोष्टीवर प्रबंध कसले लिहिता? मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं अर्ध्यापर्यंत खरं आहे, आणि ते अर्धं तुम्हीही तिच्याइतकंच नीट शिकून घ्या.

स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने १७३५ साली प्राणी-वनस्पतींच्या जोडीने माणसाचेही खंडांनुसार चार प्रकार मांडले. पुढे जर्मनीत ब्लूमेनबाखने पाच केले. त्यातल्या एकाला त्याने 'कॉकेशियन' म्हटलं, कारण त्याच्या संग्रहातली जॉर्जियाहून आलेली एक कवटी त्याला सगळ्यांत सुबक वाटली होती. हे प्रकार एकमेकांत नकळत मिसळत जातात, मध्ये रेघ ओढता येत नाही, हेही त्यानेच लिहून ठेवलं आहे. जगाने नाव तेवढं उचललं आणि ते वाक्य मागे ठेवलं.

मी विद्यार्थिनी असताना विभागाच्या कपाटात एक जुना कॅलिपर होता. बाकदार दोन पाय, टोकांना बारीक गोळ्या, मध्ये आकडे कोरलेली पट्टी. एकदा कुणी नसताना तो मी स्वतःच्या डोक्याला लावून पाहिला. कानशिलांवर धातूचा गारवा लागतो आणि आपण क्षणभर वस्तू होतो. डोक्याची रुंदी लांबीच्या शेकडा किती, एवढा एक आकडा त्यातून निघतो. या आकड्यावर माणसांचे वंश ठरवणारी शास्त्रं उभी राहिली. नाकाच्या रुंदीवरूनही ठरवली गेली: भारताच्या १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावायचा घाट घातला होता. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली ती मापं तपासून त्या दाव्यातल्या फटी दाखवल्या, आणि डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली तसल्याच मापांच्या आधारे अस्पृश्यतेचं मूळ वंशभेदात नाही, हे मांडलं.

असाच कॅलिपर घेऊन मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस १९०८ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजत होते. जवळपास १८,००० माणसं. जी मापं वंशागणिक कायमची असतात असं मानलं जाई, ती अमेरिकेत जन्मलेल्या मुलांमध्ये बदललेली दिसली. बोआस यांनी पुढे १९२८ साली सगळी कच्ची मापं छापून टाकली. त्यामुळे २००० नंतरच्या संशोधकांना तीच मापं पुन्हा हाती घेऊन बदल नेमका किती मोठा होता यावर भांडता आलं. आपल्या विरोधकाच्या हातात आपले आकडे देणारा संशोधक मला फार मोठा वाटतो.

इरावती कर्वे यांचंही नाव इथे घ्यायलाच हवं. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हे फिशर पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या शास्त्राचे आधारस्तंभ झाले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली असमानता वंशाशी जोडलेली असते, असा त्यांचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा संबंध दिसत नाही. विशीतली मुलगी, परका देश, परकी भाषा, आणि समोर तो गुरू. ते वाक्य लिहितानाचा तिचा हात मी अनेकदा डोळ्यांपुढे आणते.

१९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला. माणसांतल्या एकूण जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत सापडतं. ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्या दरम्यानचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास. २००० साली मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा जाहीर झाला तेव्हाही सूर हाच होता. इथपर्यंत तुमची मैत्रीण बरोबर.

आता पुढचं अर्धं. भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याने नागरिकत्व मागितलं. ते तेव्हा 'गोऱ्या' माणसाला आणि आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळे. त्याच्या खटल्याआधी तीनच महिने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं होतं, तुमची कातडी उजळ असेल, पण गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंड म्हणाला, मग शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन ठरतो. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने उत्तर दिलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो तू नाहीस. दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी लिहिलेले. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. त्यातले सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगई यांनी १९२८ साली आत्महत्या केली.

तुमच्या मैत्रिणीला विचारा, बगई कशामुळे गेले? जनुकांमुळे तर नाहीच. समाजशास्त्र त्या 'कशामुळे'वर काम करतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टन आणि शिकागोमध्ये नोकरीच्या जाहिरातींना जवळपास ५,००० अर्ज पाठवले होते. पात्रता तीच, फक्त अर्जावरचं नाव बदललेलं: काही नावं गोऱ्यांत रूढ, काही कृष्णवर्णीयांत. गोऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, काळ्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. नाव वाचणाऱ्याने कुणाची जनुकं पाहिली होती? रचलेली गोष्ट खोटी असते असं नाही. पैसाही माणसांनीच रचलेला आहे, आणि तो नसला की उपाशी झोपावं लागतं.

प्रश्न : माझ्या मुलाने थुंकीचा नमुना पाठवून वंशाची चाचणी करून घेतली. एका कंपनीने एक टक्केवारी दिली, दुसरीने दुसरीच. सख्ख्या बहिणीचा निकाल आणखी वेगळा. यातलं खरं कोणतं मानायचं?

उत्तर : तिन्ही निकाल आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. कंपनी तुमच्या मुलाचा नमुना तिच्याकडे आधी जमवलेल्या आजच्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहते आणि कुणाशी किती साम्य दिसतं ते टक्क्यांत सांगते. कंपनी बदलली की तो साठा बदलतो, मग टक्केही बदलतात. साठ्यात जो समूह नाही, तो निकालात येणार कुठून? बहीण-भावाचं म्हणाल तर प्रत्येक मुलाला आई-वडिलांकडून निम्मा निम्मा वाटा मिळतो, पण कोणता निम्मा हे प्रत्येक वेळी नव्याने ठरतं.

आणि गट किती पाडायचे हा आकडा माणूस देतो. २००२ साली जगभरच्या ५२ समूहांतल्या हजारभर लोकांवर एक गाजलेला अभ्यास झाला. संगणकाला पाच गट पाडायला सांगितले तर ढोबळमानाने खंड दिसले. सहा सांगितल्यावर सहावा गट निघाला तो मुख्यतः पाकिस्तानातल्या चित्रालच्या कलाश लोकांचा, काही हजारांची छोटी जमात. म्हणून कलाश हा जगातला सहावा महावंश झाला, असं कुणी म्हणणार नाही. मग आधीच्या पाचांना तरी 'वंश' कशाच्या जोरावर म्हणायचं?

मुलाला म्हणावं, हौस म्हणून निकाल जरूर ठेव, पण त्यावरून आपले कोण, परके कोण हे ठरवू नकोस.

प्रश्न : मी पीएच.डी.साठी स्थलांतरितांच्या अस्मितेवर सर्वेक्षण करणार आहे. मार्गदर्शक म्हणतात, जनगणनेतल्याच वांशिक वर्गवाऱ्या घ्या, तुलना सोपी जाते. माझ्या चाचणी मुलाखतींत मात्र लोक कोणत्या पर्यायावर खूण करायची यावर अडतात. काहींनी तर माझ्यावरच राग काढला. प्रश्न कसा विचारू?

उत्तर : तुमचे मार्गदर्शक चुकीचं सांगत नाहीत, पण अपुरं सांगताहेत. आधी माझी एक गोष्ट ऐका.

माझं पहिलंवहिलं सर्वेक्षण. हातात छापील प्रश्नावली, प्रत्येक समूहाला एक आकडा, एक ते सात, आणि शेवटी नऊ म्हणजे 'इतर'. एका म्हातारीसमोर बसले. वडील एका समूहाचे, आई दुसऱ्या, लग्न तिसऱ्यात. मी विचारलं, यातलं काय लिहू? ती जरा थांबून म्हणाली, "कुणाच्या घरात बसून विचारतेस त्यावर आहे, पोरी." मी हसले, आणि तिच्या नावापुढे नऊ लिहिलं. पुढे तक्ते बनवताना 'इतर'मध्ये माणसं फारच थोडी भरली, म्हणून तो स्तंभ गाळायचं ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होते. त्या सगळ्या कामात वांशिकतेविषयीचं सर्वांत नेमकं वाक्य बोललेली बाई माझ्या तक्त्यांत कुठेही नाही. ते मला अजून टोचतं.

तिचं वाक्य किती नेमकं होतं ते मला नंतर कळलं. नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ साली मांडलं की समूह कोणत्या चालीरीतींनी बनतो हे शोधत बसण्यापेक्षा दोन समूहांमधली सीमा कशी राखली जाते ते बघा. त्यांनी पठाणांमध्ये काम केलं होतं. दक्षिणेकडच्या सीमेवरचा पठाण परिस्थितीच्या रेट्याने बलुची टोळीत सामील होतो आणि बलुच म्हणून जगू लागतो. माणसं सीमा ओलांडतात, सीमा मात्र तिथेच राहते. म्हातारीने हेच एका ओळीत सांगितलं होतं.

आता जनगणनेच्या वर्गवाऱ्यांचं. त्या वापरा, पण त्यांचा जन्मदाखला बघून. अमेरिकेच्या जनगणनेत १९२०, १९३० आणि १९४० साली 'वंश' या रकान्यात 'हिंदू' अशी एक नोंद होती. भारतातून गेलेला कुठल्याही धर्माचा असो, शीख असो की मुसलमान, वंश हिंदू. तिथे दीर्घकाळ राहिलेला एखादा भारतीय घ्या. १९४० साली तो 'हिंदू', १९७० साली 'गोरा' आणि १९८० साली 'आशियाई भारतीय'. माणूस तोच, हाडं तीच. १९३० साली 'मेक्सिकन' हाही वंश झाला आणि विरोध झाल्यावर पुढच्या खेपेला काढून टाकला. आणखी एक बारकावा तुमच्या फार कामाचा आहे. १९६० च्या आसपासपर्यंत तिथे वंश कोणता हे दारात आलेला गणक पाहून ठरवायचा. मग फॉर्म माणसाच्या हाती गेला आणि तो स्वतः लिहू लागला. २००० पासून एकापेक्षा जास्त खुणा करायची मुभा मिळाली. म्हणजे १९५० चे आणि २००० चे आकडे शेजारी मांडून 'एवढी वाढ' म्हणणारा तक्ता दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एका रांगेत बसवतो.

ब्राझीलमध्ये १९७६ साली एका पाहणीत लोकांना आपला वर्ण आपल्या शब्दांत सांगायला सांगितलं, तर शंभरावर शब्द आले. जनगणनेत मात्र पर्याय पाच. २०२२ च्या मोजणीत तिथे स्वतःला मिश्र म्हणजे 'पार्दो' म्हणवणारे ४५.३ टक्के झाले आणि ४३.५ टक्के गोऱ्यांच्या पुढे गेले. यात जन्म-मृत्यूचा भाग आहे, तसा लोकांनी स्वतःला नव्या नावाने सांगायला लागण्याचाही आहे.

मग मोजूच नये का? फ्रान्सने साधारण तसंच ठरवलं. तिथल्या संविधान परिषदेने २००७ साली स्पष्ट केलं की वंश किंवा वांशिक मूळ हा आकडेवारीचा आधार होऊ शकत नाही, जन्मस्थळ किंवा राष्ट्रीयत्व विचारता येईल. त्यामागे खरी भीती आहे. नेदरलँड्समध्ये धर्माची नोंद असलेलं चोख लोकसंख्या दप्तर होतं. १९४० मध्ये नाझी आले तेव्हा ते त्यांच्या आयतंच कामी आलं, आणि तिथले सुमारे तीन-चतुर्थांश ज्यू मारले गेले. रवांडात बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा असं छापायला सुरुवात केली. १९९४ मध्ये तुत्सींच्या हत्याकांडात रस्तोरस्ती अडवून तीच पत्रं तपासली गेली. हे वाचून माझाही हात थबकतो. पण जिथे मोजत नाहीत तिथे, घर भाड्याने मिळताना कुणाला किती वेळा नकार आला, हे दाखवायला पुरावाच उरत नाही. सोसणाऱ्याला कळतं, बाकीच्यांना दिसत नाही. म्हणून मी मोजण्याच्या बाजूची आहे. फक्त मोजणाऱ्याने रात्री स्वतःला विचारावं, हा कागद उद्या कुणाच्या हाती पडेल?

तुमच्या प्रश्नावलीचं सांगते. पर्याय दाखवण्याआधी एक मोकळी ओळ ठेवा आणि माणूस जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच क्रमाने लिहा. मग जनगणनेचे पर्याय द्या, एकाहून अधिक खुणा करू द्या. म्हणजे मार्गदर्शकांची तुलनाही साधेल. त्यानंतर हे जरूर विचारा : 'तुम्हाला पाहून अनोळखी लोक तुम्हाला कोण समजतात?' नोकरीत, पोलिसांसमोर, शाळेच्या दारात बहुतेकदा हे तिसरं उत्तर चालतं, पहिलं नाही. या तीन उत्तरांमध्ये जे अंतर पडेल, तोच तुमचा प्रबंध असेल. आणि वांशिकता नि राष्ट्रीय ओळख एकाच प्रश्नात कोंबू नका. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत हे दोन वेगळे प्रश्न होते, आणि ते योग्यच होतं.

मराठीत काम करणार असाल तर एक अडचण आपली स्वतःची आहे. इंग्रजीत 'रेस' आणि 'एथ्निसिटी' हे दोन निराळे शब्द आहेत. आपण एकाला वंश म्हटलं आणि दुसऱ्याला वांशिकता, म्हणजे दुसरा पहिल्याच्याच पोटी जन्माला घातला. त्यात 'वंश' म्हटलं की आपल्याला वंशावळ आठवते, वंशाचा दिवा आठवतो, म्हणजे रक्त. भाषा, आठवणी, सोयरीक, देवधर्म यांतून बनलेलं आपलेपण त्या शब्दात मावत नाही. मी मुलाखतीत हे दोन्ही शब्द वापरायचे सोडून दिले. 'तुमची माणसं कोणती?' असं विचारते. लोक भरभरून बोलतात.

राहिला राग. तुमच्यावर कुणी राग काढला तर तो प्रतिसाद समजा आणि टिपून ठेवा. अनेक समूहांचा संशोधनाचा अनुभव कडू आहे. अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई लोकांनी मधुमेहाचं कारण कळावं म्हणून १९९० च्या आसपास एका विद्यापीठाला रक्त दिलं. पुढे त्यांना कळलं की त्याच रक्तावर मनोविकारांचा आणि पूर्वजांच्या स्थलांतराचा अभ्यासही झाला. त्यांची श्रद्धा अशी की आपण त्या दरीतूनच जन्मलो, आणि त्यांच्याच रक्तातून त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही दुसरीकडून आलात. त्यांनी खटला भरला. २०१० साली तडजोड झाली, ७ लाख डॉलर भरपाई मिळाली, आणि उरलेले नमुने परत मिळाले. ते आणायला त्या समूहाची माणसं स्वतः गेली होती.

एकदा घेतलेली संमती जन्मभराची नसते. तुमच्या प्रश्नावलीच्या शेवटी लिहा, 'या माहितीचं मी हे करणार आहे', आणि मग तेवढंच करा.

प्रश्न : राष्ट्र ही 'कल्पित' गोष्ट आहे असं हल्ली विद्यापीठांत शिकवतात. मी निवृत्त शिक्षक आहे. ज्यासाठी माणसांनी प्राण दिले त्याला कल्पित म्हणणं हा अपमान नाही का?

उत्तर : सर, तुमची खंत मला समजते, आणि बराचसा दोष शब्द अर्धवट शिकवणाऱ्यांचा आहे. राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ साली 'कल्पित' म्हटलं ते 'खोटं' या अर्थाने नाही. त्यांचं म्हणणं असं की लहानातल्या लहान राष्ट्रातही माणूस आपल्या बहुतेक देशबांधवांना आयुष्यात भेटत नाही, तरी ते आपले आहेत हे त्याच्या मनात पक्कं असतं. छापील पुस्तकं आणि वर्तमानपत्रं यांनी ते पक्कं केलं: सकाळी आपण वाचतो तेच हजारो अनोळखी लोक त्याच वेळी वाचताहेत, ही जाणीव. आणि त्यांचा मूळ प्रश्न तुमचाच होता. कधीही न भेटलेल्यांसाठी माणसं मरायला का तयार होतात? अपमान करायचा असता तर हा प्रश्न त्यांना पडला नसता.

या विषयात मला सर्वांत आवडणारा वाद गुरू-शिष्यांचा आहे. अर्नेस्ट गेल्नर म्हणत, राष्ट्रं आधुनिक काळात घडली, कारखानदारी आणि सार्वत्रिक शाळा यांच्या गरजेतून. त्यांचेच शिष्य अँथनी स्मिथ म्हणत, तसं असेल तर काही घडणी टिकल्या आणि काही विरल्या का? टिकल्या त्यांच्या तळाशी जुनी नावं, जुन्या कथा, जुनं आपलेपण होतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये वॉरिक विद्यापीठात दोघे समोरासमोर बसले. गेल्नर यांनी विचारलं, राष्ट्रांना बेंबी, म्हणजे जुन्या मुळांची खूण, असते का? जन्माला आलेल्या प्रत्येकाला बेंबी असते, पण बायबलमधला आदम तर देवाने घडवलेला, त्याला होती का? काही राष्ट्रांना असते, म्हणाले, काहींना नसते, आणि नसली तरी चालतं. उदाहरण एस्टोनियाचं दिलं: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लोकांना स्वतःसाठी नावसुद्धा नव्हतं, ते स्वतःला 'या मातीची माणसं' म्हणत, आणि तरी शाळा, संग्रहालयं, लोकगीतं यांच्या बळावर शतकभरात एक जिवंत राष्ट्र उभं राहिलं. त्या चर्चेनंतर दोनच आठवड्यांत गेल्नर वारले. स्मिथ यांनी पुढेही तो वाद अतिशय आदराने चालू ठेवला. माझा कल थोडा स्मिथ यांच्याकडे आहे, हे सांगून टाकते.

तुम्ही शिक्षक होतात, म्हणून फ्रान्सचं एक सांगते. १८६३ च्या सरकारी पाहणीत तिथल्या सुमारे एक-चतुर्थांश लोकसंख्येला फ्रेंच येत नव्हतं. इतिहासकार युजेन वेबर यांनी दाखवलं की खेड्यातल्या माणसाला फ्रेंच केलं ते रस्त्यांनी, लष्करी भरतीने आणि गावच्या मास्तराने. वीस वर्षांनी, १८८२ मध्ये, एर्नेस्ट रेनाँ यांनी पॅरिसमध्ये व्याख्यान दिलं. त्यात ते म्हणाले की राष्ट्र वंशावर, भाषेवर किंवा धर्मावर उभं नसतं, ते रोज नव्याने घेतलेल्या सार्वमतावर उभं असतं. हे रोजचं मत कसं पडतं? समाजमानसशास्त्रज्ञ मायकेल बिलिग यांनी १९९५ साली लक्ष वेधलं ते सणासुदीला फडकणाऱ्या झेंड्याकडे नाही, तर सरकारी इमारतीवर नुसत्या लटकलेल्या, कुणाच्या ध्यानातही न येणाऱ्या झेंड्याकडे. बातम्यांतल्या 'आपल्या'कडे. 'देशभर पाऊस' या दोन शब्दांकडे. तुम्ही फळ्यावर काढलेल्या नकाशाकडेही, सर.

प्रश्न : मी बारावीत आहे. मला आमच्याच लोकांवर संशोधन करायचं आहे. पण आपल्याच माणसांबद्दल तटस्थ राहता येत नाही, असं म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : तटस्थ राहता येत नाही, हे बाहेरच्यालाही लागू आहे. त्याला आपल्या कलाचं भान यायला उशीर लागतो, एवढंच.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचं उदाहरण बघ. १८९६ साली ते फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात पत्नीसह राहायला गेले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घरोघर फिरून माहिती गोळा केली. स्वतः कृष्णवर्णीय. नेमणाऱ्यांना त्या वस्तीच्या दोषांत रस होता. डू बॉइस यांनी घरभाडी, नोकऱ्या, शिक्षण, आजार सगळं मांडून दाखवलं की कामाच्या ठिकाणी जी दारं बंद होतात त्याचा तो परिणाम आहे. आणि गंमत वाटेल तुला, त्या वस्तीतल्या लोकांनाही त्यांचं येणं फारसं रुचलं नव्हतं. आपल्याला एखाद्या विचित्र प्राण्यासारखं अभ्यासलं जातंय, असं त्यांना वाटे. हे त्यांनी स्वतः नमूद केलं. म्हणजे आपल्यांतला असलास तरी वही उघडली की तू थोडा बाहेरचा होणारच. त्याची तयारी ठेव.

दुसरे हेन्री ताइफेल. पोलंडचे ज्यू, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती लागले. युद्धकैदी म्हणून वर्षं काढली ती आपण पोलंडचे ज्यू आहोत हे लपवून. सुटून आल्यावर कळलं, घरचं जवळपास कुणीच उरलेलं नाही. पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले आणि ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर एक साधा प्रयोग केला. तुला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली, त्याला कांडिन्स्की या दुसऱ्या चित्रकाराची, असं सांगून मुलांचे दोन गट पाडले. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग त्यांना पैसे वाटायला दिले. अनेक मुलांनी असा पर्याय निवडला, ज्यात आपल्या गटाला थोडं कमी मिळेल, पण समोरच्या गटाशी अंतर जास्त राहील. १९७० साली हे प्रसिद्ध झालं. मृत्यूच्या छावणीपर्यंत जाणाऱ्या रस्त्याचं पहिलं पाऊल किती लहान असतं, हे ज्याच्या घरचे त्या रस्त्याने गेले त्यानेच शोधावं, यात मला काही अयोग्य वाटत नाही.

सुरुवात आत्तापासून कर. एक वही घे, पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे समोरचा माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. उजवीकडे ते ऐकताना तुला काय वाटलं: राग, लाज, अभिमान, जे असेल ते. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचार, 'आपली माणसं' असं कोणाला म्हणायचं हे तुमच्या लहानपणापासून किती वेळा बदललं? दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न शेजारच्या वेगळ्या लोकांच्या घरी जाऊन तुमच्याबद्दल विचार. दोन पानं भरली की मला पाठव.